नावडतीचे मीठ : एका काडतुसाची कथा

नावडतीचे मीठ अळणी, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मीठ तेच, पाणी तेच, चूलही तीच; परंतु मन एकदा विटले की जिभेला चव लागत नाही. माणसांच्या बाबतीत हा अनुभव घरोघर येतो. निर्जीव वस्तूंच्या वाट्यालाही अशी नावड येत असते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादे हत्यार, एखादे अवजार, एखादे यंत्र लोकांच्या मनातून उतरते. त्याला नाना दोष चिकटविले जातात. आणि पुष्कळ वर्षांनी असे उमगते की, दोष त्या वस्तूत नव्हताच. शिकारीच्या जगात या प्रकारचे एक ठळक उदाहरण आहे. ते म्हणजे जर्मनीत जन्मलेले सात मिलिमीटर माउझर नावाचे काडतूस. त्याला शत्रूचे म्हणून नाके मुरडली गेली, लहान म्हणून हिणविले गेले आणि जुने म्हणून अडगळीत टाकले गेले. तरीही या तिन्ही आक्षेपांतून ते तरले आणि ज्यांनी त्याला नावे ठेवली त्यांच्यापैकीच पुष्कळांचे ते आवडते झाले. हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, पोटात भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी, अशा चार वस्तूंचा मेळ म्हणजे काडतूस. चाप ओढला की एक लोखंडी खिळा टोपीवर आदळतो, टोपीतील ठिणगी दारूला लागते, दारू क्षणार्धात जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे रेटतो. रायफलीच्या नळीच्या आतल्या अंगास मळसूत्री चर पाडलेले असतात. त्यांतून जाताना गोळीला गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळेच ती भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. प्रस्तुत काडतुसास '७ × ५७' असे म्हणतात. कारण नळीचा व्यास सात मिलिमीटर आणि पुंगळीची लांबी सत्तावन्न मिलिमीटर. गोळीचे वजन 'ग्रेन' या मापात सांगण्याची रीत आहे. आपल्याकडील एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. या काडतुसाची मूळची गोळी १७३ ग्रेनांची, म्हणजे तोळ्याला किंचित कमी. ती नळीतून बाहेर पडताना सेकंदास सुमारे २३०० फूट वेगाने जात असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गोष्टी नव्या होत्या. तोवर सैन्यांच्या बंदुका काळ्या दारूवर चालत. बार काढला की धुराचा लोट उठे, नेमबाज कोठे बसला आहे ते शत्रूस कळे आणि त्याला स्वतःलाही पुढचे दिसेनासे होई. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि १८८६ साली फ्रान्सने तिच्यावर चालणारी लेबेल रायफल सैन्यास दिली. या दारूचे बळ पुष्कळ अधिक असल्यामुळे गोळी लहान करता आली व तिचा वेग वाढविता आला. सगळ्या युरोपात मग नव्या रायफलींची चढाओढ लागली. नेकार नदीच्या काठी ओबेर्नडॉर्फ नावाच्या गावी पॉल माउझर याचा कारखाना होता. तेथे १८९२-९३ च्या सुमारास हे सात मिलिमीटरचे काडतूस आणि त्यासाठी रायफल तयार झाली. १८९३ साली स्पेनने ती आपल्या सैन्यासाठी स्वीकारली.

या रायफलीची मोठी सोय भरण्यात होती. पाच काडतुसे पत्र्याच्या एका पट्टीत अडकविलेली असत. पट्टी वरून ठेवून अंगठ्याने दाबले की पाचही एकदम पेटीत उतरत. १८९८ साली क्यूबा बेटात अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध झाले, तेव्हा या सोयीचा प्रत्यय अमेरिकनांना आला. १ जुलै रोजी सान ह्वानच्या टेकड्यांवर आणि एल काने या गावी लढाया झाल्या. एल काने येथे सुमारे पाचशे स्पॅनिश शिपायांनी दहा-बारा पट अमेरिकन सैन्याला कित्येक तास थोपवून धरले. अमेरिकेच्या स्वयंसेवक पलटणींतील अनेकांकडे अजून काळ्या दारूच्या बंदुका होत्या. नियमित सैन्याच्या क्रॅग रायफलीत काडतुसे एकेक करून भरावी लागत. युद्ध अमेरिकेने जिंकले. परंतु १९०३ साली तिने जी नवी रायफल काढली ती माउझरच्या धर्तीवर होती आणि तिच्याबद्दल माउझर कंपनीस मोबदला द्यावा लागला.

इंग्रजांना तर यापेक्षा कडू अनुभव आला. १८९५ सालच्या अखेरीस जेमिसन याने ट्रान्सव्हालवर स्वारी केली. ती फसली, पण त्यामुळे बोअर लोक सावध झाले आणि त्यांनी जर्मनीतून हजारो माउझर रायफली व काडतुसे विकत आणली. १८९९ साली युद्ध पेटले. डिसेंबरच्या १० तारखेपासून १५ तारखेपर्यंत स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी इंग्रजी फौजांचा पराभव झाला. त्या आठवड्यास इंग्रजांनी 'काळा आठवडा' असे नाव दिले. समोर माणूस दिसत नाही, धूर दिसत नाही, आणि गोळ्या मात्र हजार-हजार यार्डांवरून येत आहेत, असा तो प्रकार होता. याच कोलेन्सोच्या आणि पुढे जानेवारी १९०० मधील स्पिऑन कॉपच्या रणभूमीवर गांधीजींनी उभारलेल्या हिंदी शुश्रूषा पथकाने जखमींना डोल्यांतून वाहून नेले. त्या पथकात सुमारे अकराशे हिंदी लोक होते. त्यांनी उचललेल्या पुष्कळ शिपायांच्या अंगात हीच सात मिलिमीटरची गोळी गेलेली होती.

असा ज्याचा परिचय, त्याच्याविषयी इंग्रजांच्या मनात प्रेम कसे असावे? पराभवाचे कारण शोधताना काडतुसाकडे बोट दाखविणे सोपे होते. वस्तुतः इंग्रजांचे .३०३ हे काडतूस काही फार मागासलेले नव्हते. त्याची गोळी २१५ ग्रेनांची आणि वेग सेकंदास सुमारे दोन हजार फूट. माउझरची गोळी अधिक वेगवान, म्हणून थोडी अधिक सपाट जाई, हे खरे. परंतु मुख्य अंतर होते ते पट्टीने भरण्याच्या सोयीत, खंदकांच्या योजनेत आणि बोअर शेतकऱ्याच्या नेमात. लहानपणापासून हरणे मारून ज्याचा हात बसला आहे, त्याने खंदकात बसून झाडलेली गोळी आणि मोकळ्या मैदानावरून ओळीने चालत येणाऱ्या शिपायाने झाडलेली गोळी, यांची बरोबरी कशी व्हावी? पराभवाची कारणे अनेक होती. काडतूस त्यांपैकी एक होते. तथापि शत्रूच्या हातातील वस्तूचा द्वेष आणि तिचा धाक ही दोन्ही एकाच वेळी मनात घर करतात. युद्धानंतर इंग्रजी लष्कराने सात मिलिमीटरच्याच मापाचे .२७६ हे नवे काडतूस करून पाहिले. १९१३ साली त्याची रायफलही चाचणीस आली. परंतु ते अतिशय जबर भारलेले असल्याने नळी लवकर झिजे व झगझगाट फार होई. १९१४ साली महायुद्ध उपस्थित झाले आणि तो प्रयोग मागे पडला.

हा झाला पहिला आक्षेप. तो राष्ट्राभिमानाचा होता आणि काळाबरोबर विरला. दुसरा आक्षेप शिकाऱ्यांचा होता आणि तो विचार करण्याजोगा होता. हे काडतूस लहान आहे, जनावर याने मरणार नाही, असे ते म्हणत. त्यांच्या म्हणण्यास आधारही होता. दक्षिण आफ्रिकेतील शस्त्रवैद्यांना असे दिसून आले होते की, हाड किंवा मर्मस्थान सापडले नाही तर माउझरची गोळी शरीरातून एखाद्या सळईसारखी आरपार जाते आणि जखम लवकर भरून येते. शिपायांच्या दृष्टीने हे सुदैव म्हणावे. परंतु शिकारीत हाच मोठा अवगुण ठरतो. आरपार गोळी लागलेले हरीण मैल दोन मैल धावते आणि झुडपात पडून तळमळत मरते. त्याचा शिकाऱ्यास उपयोग नाही आणि जनावराच्या यातनांना अंत नाही.

येथे गोळीच्या घडणीतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लष्करी गोळीच्या शिशावर कठीण धातूचे कवच संपूर्ण चढविलेले असते, यामुळे ती आपला आकार सोडीत नाही. शिकारीच्या गोळीचे टोक उघडे ठेवतात. मऊ शिसे मांसात शिरताच छत्रीसारखे फुलते, गोळीचा व्यास वाढतो, तिचे बळ जनावराच्या अंगातच खर्ची पडते आणि मरण लवकर येते. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात .३०३ साठी अशाच गोळ्या तयार झाल्या होत्या, म्हणून त्यांस 'डमडम' हे नाव जगभर पडले. माणसावर असल्या गोळ्या झाडणे क्रूरपणाचे, असे १८९९ साली हेग येथील परिषदेत ठरले व युद्धात त्यांचा निषेध झाला. गंमत अशी की, जी गोळी रणांगणावर क्रूर ठरली तीच अरण्यात दयाळू ठरते. कारण रणांगणावर जखमी शिपाई लढाईबाहेर झाला म्हणजे काम भागते, परंतु जनावरास जखमी करून सोडण्याइतके निर्दय कृत्य दुसरे नाही. आता लक्षात येईल की, शिकाऱ्यांचा आक्षेप काडतुसावर होता, पण दोष होता गोळीच्या कवचाचा. त्याच पुंगळीत उघड्या टोकाची गोळी बसविताच हरणाच्या बाबतीत तो आक्षेप उरला नाही.

लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने हे प्रथम ओळखले. माउझर कारखान्याची इंग्लंडातील विक्री १८९८ च्या सुमारापासून काही वर्षे याच कंपनीकडे होती. तिने सुबक, हलक्या शिकारी रायफली बांधल्या आणि काडतुसाचे बारसे नव्याने केले. सात मिलिमीटर म्हणजे इंचाच्या हिशेबाने .२७५, म्हणून नाव ठेविले '.२७५ रिग्बी'. पुढे १४० ग्रेनांची, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित जड अशी टोकदार गोळी काढली. ती सेकंदास सुमारे २७०० फूट वेगाने जाई. ज्या इंग्रज गृहस्थास जर्मन मापाचे नाव ऐकताच कपाळाला आठी पडे, तोच '.२७५ रिग्बी' मोठ्या हौसेने खांद्यावर घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरांत सांबरांसारख्या हरणांमागे हिंडू लागला. पुंगळी तीच, दारू तीच; केवळ नाव बदलले. म्हणून माणसाच्या आवडीनावडीत नावाचा वाटा किती, याचा हा चांगला दाखला आहे.

तरीही हत्ती, वाघ, गवा यांच्यापुढे हे काडतूस म्हणजे खेळणे, असे जुने शिकारी म्हणतच राहिले. त्या काळी अशा जनावरांसाठी .४५० सारखी दुनळी रायफल वापरीत. तिची गोळी ४८० ग्रेनांची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जड. आणि नळीच्या तोंडाशी तिचे बळ सुमारे ४९०० फूट-पौंड. माउझरच्या मूळ गोळीचे बळ सुमारे २००० फूट-पौंड. आकडे समोरासमोर ठेवले तर वादच नाही. परंतु वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत हिंडताना त्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतील बरेचसे याच .२७५ ने. हत्तीच्या मृत मस्तकाचा करवतीने उभा छेद घेऊन त्याने मेंदू नेमका कोठे असतो हे पाहिले आणि समोरून, बाजूने, तिरप्या दिशेने गोळी कोठे लागली म्हणजे तेथवर पोहोचेल, याचा अभ्यास केला. संपूर्ण कवचाची ती १७३ ग्रेनांची लांबट गोळी त्याला येथे हवी होती. कारण फुलणारी गोळी हत्तीच्या कवटीत वाटेतच थांबली असती.

लांबट गोळी इतकी खोल का जाते, हे घरातल्या उदाहरणाने समजते. एकाच वजनाची एक जाड खुंटी आणि एक लांब दाभण घेतले आणि दोहोंवर सारखाच ठोसा दिला, तर गोणपाटातून दाभण पार होते व खुंटी अडते. दाभणाचे वजन थोड्या जागेवर एकवटलेले असते. गोळीच्या बाबतीतही वजन आणि तोंडाचे क्षेत्र यांचे प्रमाण हेच ठरविते. सात मिलिमीटरच्या व्यासात १७३ ग्रेन बसविल्यामुळे हे प्रमाण फार उत्तम जुळते. तथापि बेलचे अनुकरण करणे मात्र सोपे नव्हते. त्याचा अभ्यास, त्याचा हात आणि त्याचे धैर्य ही रायफलीबरोबर विकत मिळत नाहीत. पुढे आफ्रिकेतील अनेक प्रदेशांत हत्तीसारख्या जनावरांसाठी .३७५ हे किमान माप कायद्याने ठरविण्यात आले, ते शहाणपणाचेच होते. या काडतुसाची आवड म्हणजे ते सर्व कामास पुरेसे आहे असा हट्ट नव्हे. ज्याचे त्याचे माप ओळखणे हाही आवडीचाच भाग होय.

मग या काडतुसाचा खरा गुण कोणता? तो धक्क्याच्या हिशेबात आहे. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते, हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा परिणाम. गोळी जितकी जड व वेगवान, तितका खांद्यावर बसणारा रट्टा मोठा. आठ पौंड वजनाच्या रायफलीतून १४० ग्रेनांची ही गोळी झाडली तर धक्क्याचे बळ सुमारे बारा ते चौदा फूट-पौंड भरते, अमेरिकेच्या लोकप्रिय.३०-०६ काडतुसाचे तेवढ्याच वजनाच्या रायफलीत अठरा-वीस भरते. फरक कागदावर थोडा वाटतो, परंतु खांद्यास तो चांगलाच कळतो. आणि खांद्यास कळले की मनास कळते. जबर धक्क्याची रायफल हाती घेतलेला नवशिका बार निघण्यापूर्वीच डोळे मिटतो, श्वास रोखून दचकतो, चाप हळू दाबण्याऐवजी हिसकतो. नळी तेवढ्यात बोटभर हलते आणि शंभर यार्डांवर त्या बोटाचे कित्येक हात होतात. असा मनुष्य मोठे काडतूस वापरतो, ते जनावर ठार व्हावे म्हणून. आणि त्याच्याच धाकाने जनावर केवळ जखमी करून ठेवतो. हलक्या काडतुसावर हात बसलेला दुसरा, एवढेसे काडतूस वापरूनही, गोळी बरोबर फुप्फुसावर नेतो. जागचूक झालेल्या मोठ्या गोळीपेक्षा जागेवर पडलेली लहान गोळी केव्हाही श्रेष्ठ, ही गोष्ट पुष्कळ शिकाऱ्यांना वयाची चाळिशी उलटल्यावर उमगते. तोवर घरात दोन-तीन अजस्र रायफली जमलेल्या असतात.

जागचूक झालेली गोळी काय अनर्थ करते, याचे भारतातील उदाहरण चंपावतच्या वाघिणीचे. कुमाऊँच्या डोंगरांत, आणि त्याआधी नेपाळात, या वाघिणीने ४३६ माणसे मारली, असे सांगितले जाते. १९०७ साली जिम कॉर्बेटने तिला मारले. तिचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा आणि खालचा तर थेट हाडापर्यंत. ही जुनी बंदुकीच्या गोळीची खूण होती. सुळे गेल्यामुळे तिला आपले नैसर्गिक भक्ष्य मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटने निष्कर्ष काढला. कोण्या अज्ञात शिकाऱ्याने एके दिवशी गोळी झाडली, ती चार बोटे चुकली आणि तो घरी गेला. त्या चार बोटांची किंमत पुढे डोंगरातील शेकडो घरांनी दिली. लाकडे तोडायला, गवत कापायला गेलेल्या बायका परत आल्या नाहीत. गावेच्या गावे दिवसाढवळ्या दारे लावून बसली.

योगायोग असा की, या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला जी रायफल भेट दिली ती .२७५ रिग्बीच होती. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवून त्यावर चंपावतचा उल्लेख कोरलेला आहे. वाघासाठी कॉर्बेटजवळ अधिक जड रायफली होत्या आणि तो त्या वापरीही. परंतु डोंगर चढताना हलकी रायफल त्याच्या हातात असे. १९३० साली चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना काय घडले ते प्रसिद्ध आहे. वाटेत सापडलेली पक्ष्याची दोन अंडी त्याच्या डाव्या हातात होती आणि उजव्या हातात हलकी रायफल. एका मोठ्या खडकाला वळसा घालून तो पुढे आला, तोच काही पावलांवर वाघीण त्याच्याकडे तोंड करून बसलेली. अंडी टाकण्यासही वेळ नव्हता. एकाच हाताने, वाघीण बिचकू नये अशा मंद गतीने, रायफलीची नळी त्याने अर्ध्याहून अधिक वर्तुळातून फिरविली आणि बार काढला. त्या हातात दहा-अकरा पौंडांची दुनळी असती तर ती तशी फिरलीच नसती, हे त्याने स्वतःच पुढे नमूद केले. जे हलकेपण दुबळेपण म्हणून हिणविले जात होते, त्यानेच त्या दिवशी प्राण राखले. कॉर्बेट १९४७ साली केनियास गेला व तेथेच १९५५ साली वारला. ती रायफल पुढे २०१५ साली रिग्बी कंपनीने विकत घेतली.

तिसरा आक्षेप वार्धक्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नवनव्या, जबर वेगाच्या काडतुसांचा पूर आला, आणि तक्त्यांतील आकडे पाहून निवड करणाऱ्या तरुणांना हे काडतूस मंद वाटू लागले. या आकड्यांमागेही एक कारण दडलेले होते. १८९३ आणि १८९५ सालच्या जुन्या लष्करी माउझर रायफली हजारोंनी अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या होत्या. १८९८ सालच्या सुधारलेल्या रायफलीत जी जादा सुरक्षेची खुंटी आहे, ती त्यांत नव्हती. अशा एखाद्या जुन्या रायफलीत आपले काडतूस फुटू नये म्हणून अमेरिकेतील कारखानदार ते मुद्दाम कमी दाबाचे भरीत. म्हणजे बापाच्या वृद्धापकाळामुळे मुलालाही काठी टेकीत चालावयास लावण्यासारखेच हे झाले. भक्कम नव्या रायफलीत, प्रमाणशीर पण पूर्ण भरलेल्या काडतुसाचा वेग पुष्कळ वाढतो.

दुसरे कारण नळीतले. मूळ गोळी लांब असल्यामुळे नळीच्या आरंभी, चर सुरू होण्यापूर्वी, तिच्यासाठी बरीच मोकळी जागा ठेविलेली असे. त्याच नळीत आखूड, हलकी गोळी घातली की ती चरांना भिडेपर्यंत मोकळ्या जागेत उडी घेई आणि कधी कधी किंचित तिरकी शिरे. नेम विसकटे आणि शिकारी काडतुसास दोष देई. जड गोळी घातली की तीच नळी शहाण्यासारखी वागे. कारण तिच्या चरांची गिरकी २२० मिलिमीटरांत एक फेरा अशी, लांब गोळीस मानवेल अशीच ठेविलेली होती. ज्यांनी हे ओळखले त्यांची नावड एका दिवसात गेली; ज्यांनी ओळखले नाही त्यांनी रायफल विकून टाकली.

१९८० साली अमेरिकेत सात मिलिमीटरचेच '७ मिलिमीटर-०८' हे आखूड पुंगळीचे नवे काडतूस निघाले व त्याचा मोठा बोलबाला झाला. त्याचा वेग तक्त्यांत थोडा अधिक दिसतो. परंतु शंभर यार्डांवर नेम जुळविलेल्या दोन रायफलींत दोनशे यार्डांवर पडणारा फरक जेमतेम बोटभर भरतो. हरणाला तो फरक कळत नाही. जर्मनीच्या शिकारकायद्यात मोठ्या हरणांसाठी गोळीचा व्यास निदान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरांवर तिचे बळ निदान २००० जूल असावे, असे बंधन आहे. सव्वाशे वर्षांहून जुने हे काडतूस त्या कसोटीस आजही सहज उतरते. शिवाय त्याची संततीही थोडी नाही. याच पुंगळीचे तोंड बारीक करून .२५७ रॉबर्ट्स हे काडतूस झाले व १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. १९५५ सालचे .२४४ रेमिंग्टनही याच कुळातले. त्याची कथा तर आजोबांच्याच वळणाची आहे. त्याच्या नळीतील गिरकी इतकी मंद ठेविली की जड गोळ्या तिला मानवत ना; लोकांनी नापसंती दाखविली; मग कंपनीने १९६३ साली नळीची गिरकी वाढवून, '६ मिलिमीटर रेमिंग्टन' असे नवे नाव देऊन तेच काडतूस पुन्हा मांडले. तेव्हा त्याचे गुण दिसू लागले. तोवर बाजारातील जागा मात्र दुसऱ्याने घेतली होती.

सारांश, या काडतुसाविरुद्ध जे तीन आरोप झाले त्यांची तपासणी केली तर असे दिसते की, पहिल्यात राग होता, दुसऱ्यात गोळीचा दोष पुंगळीच्या माथी मारलेला होता आणि तिसऱ्यात दुबळ्या रायफलींसाठी केलेली तडजोड काडतुसाची प्रकृती म्हणून समजली गेली होती. प्रत्येक वेळी ज्याने थोडे थांबून, कारण सुटे करून पाहिले, त्याला खरे काय ते दिसले. ज्याने केवळ ऐकीव मत बाळगले, तो गुणास मुकला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे आणि ती सर्वथा योग्यच आहे. ज्या कॉर्बेटला .२७५ रायफल मानाची म्हणून मिळाली, त्यानेच पुढे हातात कॅमेरा घेतला आणि वाघ वाचविण्याचा ध्यास धरला. १९३६ साली स्थापन झालेले कुमाऊँचे अभयारण्य १९५७ पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा हे काडतूस येथे कोणास विकत घ्यावयाचे नाही. परंतु घरातले जुने अवजार, शाळेतले मंद म्हटले गेलेले मूल, बदली होऊन आलेला नवखा सहकारी, यांच्याविषयी मत बनविताना त्याची कथा उपयोगी पडावी. दोष खरोखर कोठे आहे. वस्तूत, तिच्या वापरात, की पाहणाऱ्याच्या मनात, एवढा प्रश्न विचारण्यास फार वेळ लागत नाही. मीठ अळणी आहे असे म्हणण्यापूर्वी ते एकदा जिभेवर ठेवून पाहावे, हे बरे.